आत्याबाईंचं औक्षण

आधी चहाचा एक घोट घ्या, आणि हसणार नाही असं कबूल करा, म्हणजे मला धीर येईल. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. पण चारचौघांत टाळ्या घेऊन केलेला हा एकच.

सुरतेतल्या प्लेगचं, म्हणजे चौऱ्याण्णवचं, वर्ष उलटून गेलं होतं. बँकेने माझी सुरतेला बदली केली आणि आम्ही उधन्याला भाड्याच्या घरात राहायला आलो. सुरतेत काय मिळत नाही? न्याहारीला लोचो मिळतो, मिठाईत घारी मिळते, साड्या तर ढिगाने. मराठी पुस्तक तेवढं विचारू नका. स्टेशनवरच्या स्टॉलवर दिवाळी अंक यायचे, तेही संक्रांतीला.

म्हणून तिथल्या मराठी मंडळात एक पद्धत होती. प्रत्येकाने आपल्याला वाचायच्या पुस्तकांची यादी मंडळात द्यायची. कोणी जळगाव-नाशिककडे निघालं की सगळ्यांच्या याद्या खिशात घालून जायचं आणि मिळतील ती पुस्तकं आणायची. वाचून झालेल्या पुस्तकांची यादी वेगळी, ती फळ्यावर लागायची, म्हणजे कोणाला काय विचारावं ते कळतं. वाचायच्या यादीत बाकीच्यांनी प्रत्येकी पाच-सहा पुस्तकं लिहिली होती.

मी बेचाळीस लिहिली.

का म्हणून काय विचारता? नवीन माणूस, छाप पाडायची होती. प्रकाशकांचे जुने कॅटलॉग आणि दिवाळी अंकांतल्या जाहिराती पुढ्यात घेऊन दोन संध्याकाळी बसून यादी उतरवली. वर माझं नाव ठळक काढलं, खाली दुहेरी रेघ मारली. आमची सुलभा म्हणाली, "यातली खरंच किती वाचणार आहात?" मी म्हटलं, "माणसाची इच्छा मोठी असावी." या सगळ्या थाटात 'वाचायची पुस्तकं' एवढं लिहायचं मात्र राहून गेलं.

पुढच्या रविवारी मंडळात शिरलो तर टाळ्या. फळ्यावर माझी यादी लावलेली, आणि तिच्या डोक्यावर मंडळाचे चिटणीस करंदीकर मास्तर यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'आपले नवे सभासद श्री. वैद्य यांनी वाचलेली पुस्तके'. मास्तर म्हणजे देवमाणूस. एखाद्याची बेचाळीस पुस्तकं वाचायची राहिली असतील, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. खुलासा करायला मी तोंड उघडलं, आणि मास्तरांनी त्यात घारीचा तुकडा घातला.

तुम्ही घारी खाल्ली आहे का कधी? मावा, साखर आणि वरून थिजलेलं तूप. ती गिळेपर्यंत माणसाचा विचार बदलतो. माझाही बदलला. म्हटलं, यातली निम्मी तर मी वाचणारच आहे. टाळ्या थोड्या आधी घेतल्या म्हणून कोणाचं काय बिघडलं?

तिसऱ्या दिवशी बिघडलं.

दुपारी बँकेत माझ्या टेबलासमोर एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा, शर्टाला सुताचे तंतू चिकटलेले, काखेत कापडी पिशवी. आधार महाजन नाव. मूळ अमळनेरकडचा, बोलणं अहिराणी वळणाचं, लूमवर कामाला, राहायला नवागामला. मंडळाचा फळा वाचून आला होता.

"सर, तुमच्या यादीत सतरा नंबरले 'आठ खणांचं घर' शे."

"आहे."

"म्हणजे तुम्ही ते वाचेल शे?"

वाचेल म्हणजे वाचलेलं. मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली ते मलाही सांगता येणार नाही, पण त्याचा चेहरा उजळला.

त्याने पिशवीतून एक जाडजूड कादंबरी काढली. पुढून धडधाकट, मागून काहीच नाही. कतारगामला हातगाडीवर खारे शेंगदाणे विकणारा एक लारीवाला होता, तो पस्तीतून, म्हणजे रद्दीतून, मराठी पुस्तकं उचलायचा आणि त्यांच्या पानांत खारी सिंग बांधून द्यायचा. फाडायला सुरुवात करायची ती मागून. आधारभाऊंना पुस्तक दिसलं की ते त्याच्याकडून घ्यायचे. पण तोवर शेवट कोणाच्या तरी शेंगदाण्यांबरोबर गेलेला असायचा.

"तीन वर्षं झाली सर," ते म्हणाले. "मी मोठ्याने वाचतो, आमच्या चाळीतले दहा-बारा जण ऐकतात. थोरला भाऊ भांडून निघून जातो. त्याची बायको यमुना वाट पाहते. आत्याबाईंनी कसं बांधेल व्हतं ते घर. आणि पुढे पानंच नही. तो थोरला परत येतो का नही, तेवढं सांगा."

तीन वर्षं आणि दहा-बारा माणसं. त्याच क्षणी खरं बोलायला हवं होतं. मी काय बोललो? गंभीर चेहरा करून म्हणालो, "आधारभाऊ, हे असं काउंटरवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही."

वाटलं, माणूस निघून जाईल, विषय मिटेल.

"बरोबर शे सर," ते म्हणाले. "मग रविवारी दुपारी घरी जेवायला या. सगळेच ऐकतील."

रविवारी नवागामच्या त्या खोलीत सतरंजी अंथरलेली होती. भिंतीला टेकून बाराजण बसलेले. आधारभाऊंच्या मंडळी, कमलवहिनी, यांनी वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. मला तीन बट्ट्या तुपात बुडवून वाढल्या, चौथी नको म्हटलं तर ताटात पडलीच. एवढं खाल्ल्यावर शेवट वाईट सांगायची माझी तरी छाती झाली नसती.

मी घसा खाकरला. "थोरला येतो," म्हणालो. बाराही माणसं पुढे सरकली. "केस पांढरे झालेत. अंगणात उभा आहे. यमुना उंबऱ्यात थिजते. हाक मारायला शब्द फुटत नाही. आणि तेवढ्यात आतून, थरथरत्या हातात निरांजन घेऊन, आत्याबाई येतात."

भिंतीजवळची माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

"कोण येतं सर?" आधारभाऊंनी विचारलं.

"आत्याबाई."

"आत्याबाई ओवाळतात?"

"स्वतःच्या हातांनी."

कोपऱ्यातल्या एकाला जोराचा ठसका लागला. दुसऱ्याने डोळे पुसले. कमलवहिनी तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, आपण काळजाला हात घातला. मग काय, मी थांबतोय थोडाच. आत्याबाईंच्या कमरेच्या किल्ल्या यमुनेच्या कमरेला लावल्या, वाटण्या थांबवल्या, आणि शेवटी थोरल्याच्या नातवाचं बारसंही आत्याबाईंच्या मांडीवर उरकलं.

"फार जगल्या आत्याबाई," आधारभाऊ हळूच म्हणाले.

मी म्हणालो, "अशी माणसं जगतात."

निघताना ते कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. "सर, कानांनी ऐकलं. पण एकदा डोळ्यांनी वाचावं वाटतं. तुमच्याकडचं पुस्तक?"

"गावाला आहे."

"मग जाल तवा शेवटची पानं तेवढी झेरॉक्स करून आणा. बाराजण वाट पाहतील."

आणतो म्हणालो. नाही कसं म्हणणार? चार बट्ट्या पोटात होत्या.

घरी येऊन सुलभाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "माझं माहेर जळगावचं आहे. तिथे वाचनालय आहे. यादीतलं एक तरी पुस्तक आता वाचून टाका."

दिवाळीत पॅसेंजरने जळगावला गेलो. वाचनालयात पुस्तक सापडलं, पण बाहेरगावच्या माणसाला घरी न्यायला देईनात. नुसती मागची पानं झेरॉक्स करून निघालो असतो तर चाललं असतं. पण म्हटलं, आपण सांगितलेलं कितपत जुळतंय ते तरी पाहू. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तिथल्या बाकावर बसून वाचलं. ऐन दिवाळीत घरातून गायब, म्हणून सासरेबुवा सुलभाला विचारत होते, "जावईबापू रुसले की काय?"

पहिल्या दिवशी अडतिसाव्या पानावर आत्याबाई वारल्या.

वारल्या म्हणजे अगदी तेराव्यापर्यंत सगळं सविस्तर. पुढची चारशे पानं घडतात तीच मुळी आत्याबाई नाहीत म्हणून. त्या गेल्या, घर फुटलं, थोरला निघून गेला. ही पानं सिंगवाल्याने फाडलेली नव्हती. बाराही जणांनी ती ऐकलेली होती. मला तो ठसका आठवला, वहिनींचा पदर आठवला, आणि बाकावर बसल्या बसल्या कानशिलं तापली. मी मात्र त्या बाईला चारशे पानांनंतर उठवून हातात निरांजन दिलं होतं.

पण पुस्तक खाली ठेववेना. शेवटी थोरला येतो, हे माझं बरोबर निघालं. तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो. यमुना दारात दिवा लावत असते. तो बघतो, आणि हाक न मारता परत फिरतो. मी रडलो. तुम्ही हसलात तरी हरकत नाही, पण मी रडलो.

शेवटच्या अकरा पानांची झेरॉक्स घेऊन परतलो आणि तडक नवागाम गाठलं. सगळे जमल्यावर कागद पुढे ठेवले. "आधारभाऊ, मी हे पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्या बेचाळिसांतलं एकही वाचलेलं नव्हतं."

"माहीत शे सर."

"कधीपासून?"

"आत्याबाई निरांजन घेऊन निघाल्या तवापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही पुन्हा तोंड दाखवलं नसतं, आणि आमचा शेवट राहिला असता. मी यांना म्हटलं, शिकेल-सवरेल माणूस शे. स्वतः वाचेल, मनाला लागेल, पानं घेऊन येईल." मग जरा थांबून म्हणाले, "पण सर, ओवाळणं चांगलं केलं तुम्ही. कमलला फार आवडलं."

मग त्यांनी ती अकरा पानं वाचली. त्या दिवशी कोणाला ठसका लागला नाही. वहिनी दारातच बसून होत्या. थोरला परत फिरला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचाच बरा होता, सर."

मी निघणार तेवढ्यात आधारभाऊंनी पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. आठ पुस्तकांची नावं होती. आठही मागून फाटलेली.

"ही आमची वाचायची यादी. फक्त शेवट पाहिजेत," ते म्हणाले. "यातली पाच तुमच्या बेचाळिसांत शेत. ती आता लवकर वाचाल."

मंडळातही जाऊन कबुली दिली. करंदीकर मास्तरांनी शांतपणे फळ्यावरची माझ्या नावाची ओळ पुसली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हळू बोला. तुमच्याखालोखाल फळ्यावर लांब यादी माझीच आहे."

पुढे चार वर्षं सुरतेत होतो. आठही पुस्तकं वाचली, पहिल्या पानापासून. नुसता शेवट सांगायची पुन्हा हिंमत झाली नाही. प्रत्येक वेळी झेरॉक्स घेऊन नवागामच्या चाळीत शिरलो की कोणीतरी आत आवाज द्यायचं, "आत्याबाई उनी रे." म्हणजे आल्या रे. आणि मीही हात वर करायचो.

बदलीची ऑर्डर आली त्या आठवड्यातली गोष्ट. नवागामकडचा एक नवीन माणूस बँकेत आला. आमच्या नानुभाई शिपायांना त्याने विचारलं, "भाई, यहाँ आत्याबाई कहाँ बैठते हैं?"

नानुभाई पासबुकं लावत होते. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. बोट सरळ माझ्या टेबलाकडे केलं.