प्रभुभोजनाला भरल्या पोटी

नालवाडीला जायचं ठरलं ते मीनलच्या फोनमुळे. "दादा, रविवारी आमच्याइकडं प्रभुभोजन हाये. येजो." धाकटी बहीण सावंगीच्या दवाखान्यात नर्स आहे, चर्चमध्ये जाते, एवढं ठाऊक होतं. पण "आमच्याइकडं"? पाणी कुठंतरी मुरत होतं. आईनं निघताना बजावलं, "तिनं बाप्तिस्मा घेतला का, तेवढं पाहून येजो."

नागपूरहून बुटीबोरीमार्गे वर्ध्याची बस सकाळीच पकडा, ऊन लागत नाही. स्टँडवर मी दोन प्लेट तर्री-पोहे हाणले. त्यांच्या भोजनाचा घास घ्यायचाच नाही, हे पक्कं होतं. नालवाडीला ऑटो करताना भाव आधी ठरवा, परक्याला दुप्पट सांगतात.

चर्च म्हणजे टिनपत्र्याचा हॉल. मी पंगत शोधत होतो. आली ती एक थाळी, तीत पावाचे नखाएवढे तुकडे, मागून इवल्याशा पेल्यांत द्राक्षरस. याला भोजन म्हणतात? शेजारच्या मार्थाबाई हळूच म्हणाल्या, "एकाच भाकरीतला घास सगळ्यायले. पण ज्याचा बाप्तिस्मा झाला तोच घेते."

म्हणजे पुरावा आपल्या पायांनी चालत येत होता. मी मीनलच्या हातावर नजर रोखली. तिनं थाळी न घेता पुढे दिली. सुटलो. मला तर कुणी विचारलंही नाही. नकाराची सगळी तयारी वाया गेली, याचा रागच आला.

नंतर अंगणात खरी पंगत बसली. वरण-भात, वांग्याची भाजी. मी बाजूला उभा. वाढून झालं तरी कुणी हात लावेना.

"करा ना सुरू," मी म्हणालो.

"कसं करणार, भाऊ? तुमचं पान राह्यलं," मार्थाबाई म्हणाल्या.

हाही मला त्यांच्यात ओढायचा डावच असणार. पण सगळ्यांचा भात गार होत होता, म्हणून बसलो. भाजी वाढता वाढता मार्थाबाई सहज बोलून गेल्या, "मीनल दर महिन्याले घेते प्रभुभोजन. आज काऊन नाई घेतलं, विचारलं मी. म्हणे, दादा एकटा उपाशी राह्यला असता."

पोटातले पोहे मला तिथंच जड झाले.

रात्री घरी आईनं ताटं वाढता वाढता विचारलं, "घेतला का रे तिनं बाप्तिस्मा?"

"घेतला. पण प्रभुभोजन आज नाई घेतलं. आजच, माझ्यासाठी," मी म्हणालो. "आता सांग, तिचं पान आपल्या घरी मांडशील ना?"

 आई तिसऱ्या, मीनलच्या रिकाम्या पाटाकडे पाहत राहिली. दोन्ही ताटं वाढलेली होती, आणि आमच्यापैकी कुणीच हात लावला नाही.