जात्यावरचं 'गेट'

लग्नाच्या पहिल्याच वर्षी, सोलापुरात, माझ्या अंगात एका इंग्रज साहेबाचं भूत शिरलं होतं. चूक भुताची नव्हती, माझीच होती.

आमचे हे मिलच्या कचेरीत कारकून. बायकोला मास्तरीण करायचं, असं त्यांनी डोक्यात घेतलेलं. पण आत्याबाईंनी (म्हणजे माझ्या सासूबाईंनी) आधीच बजावलं होतं, "सुनंच्या हातात पुस्तक दिसलं की चुलीत घालीन!" म्हणून शिकवणी चोरून. आणि त्या आठवड्याचा धडा होता 'गेट'.

काय सांगू! गेट म्हणजे मिळणं. समजलं. पण गेट अप म्हणजे उठणं, गेट डाऊन म्हणजे उतरणं, गेट आउट म्हणजे चालतं होणं. आजारी पडायचं तरी गेट, बरं व्हायचं तरी गेट, आणि लग्न करायचं तरी गेटच! बाकीची क्रियापदं काय पाटावर बसून जेवत होती? सगळ्या घराचं काम एकटीनं उपसणारी ही इंग्रजांची थोरली सूनच म्हणायची!

पाठ काही होईना. मग मला अक्कल सुचली (तीच नडली). दुपारी न्हाऊन, केस मोकळे सोडून जात्यावर बसले आणि ओवीच्या चालीवर सुरू केलं, "गेट अप गं बाई, गेट डाऊन, गेट आउट..." डोळे मिटलेले, अंग डुलतंय, जातं घरघरतंय!

"अगं बया बया!" दारात आत्याबाई. "सुनंला सायबाच्या भुतानं धरलं की गं!"

मी डोळे उघडेपर्यंत गल्ली गोळा! बाजाराला आलेला कुंभारी गावचा देवऋषीही कुणीतरी धरून आणला. त्यानं माझ्या तोंडासमोर लिंबू नाचवलं.

"कोन हायस तू? ह्ये कुणी शिकिवलं तुला? नाव घे!"

आता आली पंचाईत! शिकवलं नवऱ्यानं. नवऱ्याचं नाव बाईमाणसानं घ्यायचं कसं? आणि घेतलंच, तर पुस्तक चुलीत!

"लई हट्टी हाय. लिंबाला बधत न्हाय," देवऋषी म्हणाला. "सायेब हाय, बिस्कूट लागंल. अंडीबी आना!"

"आमच्या घरात अंडी?" आत्याबाई किंचाळल्या. "त्यापरीस मिरच्यांची धुरी द्या!"

शेगडीत मिरच्या पडल्या. पहिल्याच ठसक्याला माझी मती फिरली. हात जोडून 'थांबा' म्हणायला गेले, तर तोंडातून निघालं, "गेट आउट!"

देवऋषी टुणकन मागं सरला. "बगा, बोलला! टाका अजून मिरच्या!"

नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. मास्तरीण राहिली बाजूला, आधी जीव वाचवायचा होता. आणि नवऱ्याचं नाव घ्यायची बाईला एकच वाट मोकळी असते. खोकत, शिंकत मी ओरडले,

"हातमागाच्या चादरीला नक्षीचे काठ,
सिद्रामराव शिकवतात इंग्रजी, मी करते पाठ!"

कुठलं भूत उखाणा घेतं? देवऋषी हळूच सटकला.

आत्याबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. गेलं पुस्तक चुलीत, मी मनात म्हटलं. पण त्यांनी शेगडीवर तांब्याभर पाणी ओतलं, हसू दाबत स्वतःच्या पदरानं माझं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "शीक बाई तुजं विंग्रजी. पर त्याच्या आदी, मराठीत तोंड उघडाय शीक!"