भावोजींचे जिवाणू

आमच्या भावोजींना मातीचं वावडं होतं. बांधकाम खात्यात उतारांची देखरेख करणारा हा माणूस बुटाला चिखल लागला की मोजे बदलायला घरी यायचा. ताई, म्हणजे माझी बहीण, प्रयोगशाळेत मातीतले जिवाणू वाढवायची. त्यांना युरिया आणि कॅल्शियमचं पाणी पाजलं की ते मातीच्या कणाकणांत चुनखडीचा सांधा धरतात आणि भुसभुशीत उतार घट्ट होत जातो. हे ती नवऱ्याला कौतुकाने सांगायची. भावोजी जांभई द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात हीच आपली कल्पना म्हणून मिरवायचे.

एका लाँड्रीमागचा उतार दर पावसाळ्यात धुऊन जायचा. भावोजींनी ते काम मागून घेतलं. ताईने जिवाणूंची पिंपं भरून दिली आणि बजावलं, "सावलीत ठेवा. सकाळीच सोडा, आणि हळू. ते मुरले की मग खाद्य. ते एकदा देऊन भागत नाही, रोज द्यावं लागतं."

"अगं, पाणी मारायला काय अक्कल लागते?" भावोजी म्हणाले.

लागते, हे त्यांनीच सिद्ध केलं. त्यांनी चक्क उद्घाटन ठेवलं! साहेबांसाठी मांडव घातला. खुर्च्या सावलीत, पिंपं उन्हात, कारण ती फोटोत यायला हवी होती. साहेब उगवले ते दुपार कलल्यावर. तोवर पिंपाला हात लावला तर चटका बसत होता. साहेबांनी नळी धरली, भावोजींनी साहेबांचं कोपर. फवारा असा सुटला की सगळं पाणी उतारावरून घरंगळत थेट लाँड्रीच्या दारात. टाळ्या पडल्या. पुढचे दिवस भावोजी घरीच होते. भाषणाने घसा बसला होता म्हणे.

ताईने विचारलं, "खाद्य दिलं का?"

"जेवलेत गं तुझे जिवाणू, पोटभर!"

पहिल्या मोठ्या पावसात उतार खाली आला. लाँड्रीची मागची भिंत आत कोसळली. तिथे लाँड्री चालवणाऱ्या बाईचे सासरे खुर्चीत डुलक्या घेत होते. लाँड्रीवालीने त्यांना खुर्चीसकट ओढून बाहेर काढलं म्हणून म्हातारा वाचला.

साहेबांनी चौकशीला नवरा-बायको दोघांनाही बोलावलं. ताईला मीच घेऊन गेलो आणि दाराशी बसून राहिलो. भावोजींनी चेहरा पाडला. "साहेब, जिवाणूच कमजोर होते. घरच्या माणसावर विश्वास ठेवला, तिथेच फसलो."

ताईने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती म्हणाली, "साहेब, पिंपं उन्हात उकळली. फोटो छापून आलाय. त्यात तुम्हीही आहात."

साहेबांना एकाएकी दुसरी मीटिंग आठवली. चौकशीत दोष पावसाला लागला. भावोजींची बदली प्रशिक्षण विभागात झाली. तिथे ते नव्या अभियंत्यांना उतार कसे राखावेत ते शिकवतात. असल्या माणसाला शिक्षा म्हणून व्याख्यान द्यायला लावणं हे खात्यालाच सुचावं.

ताईने आठ दिवसांत नवी पिंपं भरली. मग एका सकाळी उठून लाँड्रीवालीकडे गेली. "पुन्हा करू या. या खेपेला मी स्वतः येते."

लाँड्रीवाली आधी भडकली. "एकदा भिंत गेली, आता छप्पर घालवायचंय का?" पण उतार तर तिच्याच उशाशी होता. शेवटी दोघींनी मिळून तो हाती घेतला. बारीक धारेने जिवाणू सोडले, रोज खाद्य पाजलं, आणि वरचा थर नखाने खरवडता येईनासा झाल्यावर भेगाभेगांतून गवत लावलं. पुढचा पावसाळा आला तसा गेला. उतार जागचा हलला नाही.

मग भावोजी आलेच. मागे अभियंत्यांचा घोळका, हात उताराकडे. "हा आमचा प्रकल्प!"

लाँड्रीवाली नळी ओढत वर निघाली होती. "ओ, बाजूला व्हा. गवतावर उभे आहात."

भावोजी बाजूला झाले, बूट झटकले, आणि घोळक्याकडे वळून म्हणाले, "बघा, ह्यालाच म्हणतात लोकसहभाग."