मामांचा पाला, मॅडमची केमो

“कॅन्सर आहे, आणि काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

समोर माझी धाकटी बहीण सुनंदा बसली होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे, आणि विचारलं, “म्हंजी गाठ काढून टाकली की झालं ना?”

लातूरच्या त्या दवाखान्यात आम्ही बायोप्सीच्या रिपोर्टसाठी गेलो होतो. बायोप्सी म्हणजे गाठीतला बारीक तुकडा सुईने काढून तपासणं. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. आजार स्तनात आणि काखेत आहे, अजून दूर गेलेला नाही. याला त्या ‘लोकली अ‍ॅडव्हान्स्ड’ म्हणाल्या. गाठ मोठी असल्यामुळे आधी केमोथेरपी, म्हणजे सलाईनमधून कॅन्सरच्या पेशी मारणारं औषध. गाठ लहान झाली की ऑपरेशन.

“आपण बरं होण्यासाठी उपचार करतोय,” त्या म्हणाल्या. “पण तारखा चुकवायच्या नाहीत. हा आजार आपल्यासाठी थांबत नाही.”

तारखा सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. मी लातूरला मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक आहे. घरी येताच मी तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला: केमोची तारीख, रक्ततपासणी, गोळ्या, ताप आला तर कोणाला फोन. सुनंदा हसली. “आक्का, मला बी तुझ्या होस्टेलात भरती केलीस का?”

तिचं सासर मुखेड तालुक्यातलं. नवरा बालाजी शेती बघतो. सासरे, ज्यांना गावभर मामाच म्हणतात, ते काविळीवर पाला देतात. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं हे काम. पैसा घ्यायचा नाही, एक नारळ घ्यायचा. आमच्या भागात याला ‘देणं’ म्हणतात. उदगीर, देगलूरकडून माणसं यायची आणि ओट्यावर रांगेत बसायची. मामा पहाटे रानात जाऊन पाला आणत, वाटून रस काढत आणि स्वतःच्या हाताने पाजत. पाला कशाचा, हे घरात कुणालाही माहीत नव्हतं. नाव उच्चारलं की गुण जातो, असा नियम. मरायच्या आधी मुलाच्या कानात सांगायचं, बस.

पहिल्या दोन केमो बऱ्या गेल्या. केस गेले, तोंड आलं, उलट्या झाल्या, पण गाठ बोटांना लहान लागायला लागली. मॅडमनी चाचपून पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या. केमोचे पहिले दिवस सुनंदा माझ्याकडे राहायची, मग बालाजी तिला गावी न्यायचा. दर तीन आठवड्यांनी परत.

तिसऱ्या केमोला आली तेव्हा ती फार उतरलेली दिसली. ब्लाऊज खांद्यावरून घसरत होता. केमोच्या आधी लिव्हर फंक्शन टेस्ट करतात, म्हणजे यकृत नीट चाललंय का ते रक्तातून बघतात. केमोचं औषध शरीराबाहेर काढण्याचं बरंचसं काम यकृतच करतं. सुनंदाचे आकडे वाढलेले होते.

“आज केमो देता येणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “दुसरं काही औषध घेता का?”

“न्हाई,” सुनंदा म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. हे मला पुढे कळलं.

आठवडाभराने परत या, असं सांगून आम्हाला पाठवलं. त्या आठवड्यात गावी तिचे डोळे पिवळे झाले. आणि डोळे पिवळे झाल्यावर त्या घरात जे होणार तेच झालं. आतापर्यंत ताकदीसाठी सकाळी एकदा मिळणारा रस आता दोन वेळा सुरू झाला. सोबत काविळीचं पथ्य: मीठ नाही, तेल नाही, डाळ नाही. मॅडमनी डाळ आणि अंडी खायला सांगितलं होतं. सुनंदा लातूरला मॅडमचं खायची, गावी मामांचं.

पुढच्या तपासणीत आकडे इतके वाढले की तिला भरतीच करून घेतलं. सोनोग्राफी झाली. हिपॅटायटिसच्या, म्हणजे विषाणूंनी होणाऱ्या काविळीच्या तपासण्या झाल्या. सगळं निगेटिव्ह. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आमच्यासारखेच पुष्कळ जण बसलेले असायचे. कुणाच्या पिशवीत गोमूत्राचा अर्क, कुणाच्या रुमालात अंगारा. डॉक्टरांचा राउंड आला की पिशव्या बाकाखाली सरकायच्या. मी हे रोज पाहत होते आणि मनात म्हणत होते, आपलं तसं काही नाही.

एका दुपारी मी तिची वेणी घालावी तशी सवयीने तिच्या टाळूवरून हात फिरवत होते. ती म्हणाली, “आक्का, मामांचा रस राह्यला की गं हितं. बालाजीला सांग, बाटलीत घिऊन ये म्हणावं.”

“कसला रस?”

“पाल्याचा. दुसऱ्या केमोपासून घेतेय की.”

“अगं, मॅडमनी विचारलं तेव्हा नाही म्हणालीस!”

“औषध घेती का म्हणून विचारलं त्यांनी. त्ये औषध हाय का? देणं हाय त्ये.”

मी तशीच उठून मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आजपासून पूर्ण बंद. आणि कोणता पाला आहे ते मला कळलं पाहिजे. काही वनस्पतींनी लिव्हर सुजतं, काहींनी केमोचा परिणाम कमी-जास्त होतो. नाव कळलं तर पुढे किती वाट बघायची ते ठरवता येईल.”

मी मामांना फोन केला. पाल्याचं नाव विचारलं. ते म्हणाले, “फोनवर न्हाई. येतो.”

दुसऱ्या दिवशी एसटीने ते आणि बालाजी आले. धोतर, टोपी, हातात सुनंदासाठी अळणी भाकरीचा डबा. मी डबा बाजूला ठेवला. मॅडमच्या खोलीत ते खुर्चीवर बसेनात, उभेच राहिले.

“मामा, मी तुमच्यावर आळ घेत नाही,” मॅडम म्हणाल्या. “केमोनेसुद्धा लिव्हर बिघडतं. पण हिच्या अंगात दोन गोष्टी जातायत आणि मला एकच माहीत आहे.”

“म्याडम, तुमच्या बाटलीवर नाव लिव्हल्यालं हाय, मला वाचता येत न्हाई. माझ्या पाल्याला नाव हाय, मला सांगता येत न्हाई. कसं करावं?”

“माणसं बरी झाली ना तुमच्याकडची?”

“लई झाली.”

“कावीळ बऱ्याचदा आपोआपही उतरते, मामा. पण ते राहू द्या. त्या माणसांना केमो चालू नव्हती. हिला आहे.”

मामांनी टोपी काढली. बालाजीकडे पाहिलं. “तुला द्यायचं व्हतं रं. आता तुझ्या हाताला काय ऱ्हाणार न्हाई.”

“बाबा, सांगून टाका,” बालाजी म्हणाला. “मला सुनी पायजे, पाला नको.”

मामांनी तीन नावं सांगितली. एकेका नावानंतर थांबत, जणू काही उतरवून ठेवत होते. मॅडमनी लिहून घेतली. म्हणाल्या, “यातली एक मला माहीत आहे, ती लिव्हरला त्रास देऊ शकते. बाकीच्या दोन्हींबद्दल मला माहिती नाही. आणि माहिती नाही म्हणजे चालतं, असं नाही.”

ती नावं मी इथे लिहिणार नाही. लिहिली तर कुणी ती आणायला रानात जाईल, आणि कुणी तेवढ्या तीनच झाडांना भिऊन चौथा पाला घेईल. मुद्दा त्या तीन झाडांचा नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी केमो चालू असेल तर डॉक्टरांनी ‘औषध’ हा शब्द वापरायची वाट पाहू नका. पाणी सोडून तोंडात जे जे जातं ते सगळं आपण होऊन सांगा: रस, काढा, भस्म, अंगारा, शेजारणीने दिलेली पुडी. मॅडम सगळ्यालाच नाही म्हणत नव्हत्या. मळमळीला आल्याचा तुकडा चालेल, भाजीत हळद चालेल, हळदीच्या गोळ्या नकोत, असं त्यांनी एकेक करून सांगितलं. विचारलं की उत्तर मिळतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

रस बंद झाला. आकडे उतरले, पण फार सावकाश. दर तपासणीला मॅडम मान हलवायच्या, अजून नाही. आणि त्या वाट बघण्यात गाठ पुन्हा मोठी होत होती. सुनंदा आंघोळीहून आली की माझ्याकडे न बघता सांगायची, “आज जरा जास्त लागतीय.”

केमो पुन्हा सुरू झाली ती कमी मात्रेत, दुसऱ्या औषधाची. दोन फेऱ्यांनंतर स्कॅन केला. फुप्फुसांत ठिपके आले होते. ऑपरेशनचा विषय संपला.

मी मॅडमना एकटीने गाठून विचारलं, “मधला खंड पडला नसता तर?”

त्या म्हणाल्या, “सांगता येत नाही. खंड न पडताही हा आजार असा पसरतो. पडल्यानेही पसरतो. तुम्हाला हवं तसं उत्तर माझ्याकडे नाही.”

मी हे उत्तर जसंच्या तसं घरी नेलं. त्यात माझं काही मिसळलं नाही. मामांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर येणाऱ्यांना परत पाठवायला सुरुवात केली. “गुण गेला. तालुक्याला जा, रगत तपासा,” एवढंच. एक बाई नांदेडहून आली होती, ती भांडली. म्हणाली, “सुनंला दिलं आन् आमाला न्हाई व्हय?” मामा घरात निघून गेले.

पुढचे महिने पॅलिएटिव्ह उपचारांचे होते. म्हणजे आजार बरा करणं शक्य नाही, पण दुखणं आणि धाप कमी ठेवायची. शेवटच्या भेटीला मामा मुद्दाम आले. मॅडमना म्हणाले, “आता तुमचं बंद झालं. मग आमचं चालू करू का?”

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. “नको, मामा. तिचं लिव्हर थकलंय. ते रस सोसणार नाही, आणि दुखण्याच्या गोळ्याही मग सोसणार नाहीत.”

“बरं,” मामा म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. मॅडमना हात जोडले.

सुनंदाला गावीच जायचं होतं. मी रजा टाकून सोबत गेले. मॉर्फिनच्या गोळ्या वेळेवर देणं हे माझं काम. दुखायला लागायची वाट न बघता द्यायच्या, हे मॅडमनी नीट शिकवलं होतं, आणि त्यामुळे तिला बसून बोलता यायचं. तळपाय फुटले होते. मामा दाराबाहेरून विचारायचे, “करडीचं तेल लावलं तर चालंल का? विचार म्याडमला.” मी विचारायचे. त्या चालेल म्हणायच्या, मग वाटी उंबऱ्यावर यायची. लिंबाच्या पाण्यालाही तेच. दिवसातून कितीदा तरी. मॅडमनी एकदाही कंटाळा केला नाही. त्यांच्याबद्दल मला आयुष्यभर कृतज्ञता राहील, आणि मामांबद्दलही. नाव सांगणं सोपं नव्हतं. रोज विचारणं त्याहून अवघड असावं.

ती गेली त्या दिवशी सकाळचं ऊन खोलीत आलं होतं. श्वास लांबत चालले. बालाजीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. कुणीतरी गंगेची कुपी फोडली. मामा अंगणातून तुळशीचं पान खुडून आले, पहिल्यांदाच तिच्या अंथरुणाजवळ वाकले आणि पान तिच्या ओठांशी नेता नेता थांबले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “चालतंय का बाई?”

मी म्हणाले, “चालतं, मामा. द्या.”