माझ्या खिशातली त्यांची सिगरेट

नवऱ्याने सिगरेट सोडून दीड वर्ष झालं, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. त्या सकाळी त्यांची पँट धुवायला टाकताना खिशात जाडसर पेनासारखं काहीतरी लागलं. त्याला आंब्याच्या गोळीचा वास येत होता. ऑफिसात एक-दोघांकडे मी असली बॅटरीवरची सिगरेट पाहिली होती, म्हणून लगेच कळलं. हे तोवर शाळेत गेले होते, शिक्षक आहेत. संध्याकाळी समोर ठेवून विचारायचं ठरवलं. घरात सासूबाईंच्या हाती लागायला नको, म्हणून ती मी कुर्त्याच्या खिशात टाकली. खिशात कपाटाच्या किल्ल्या होत्याच.

वळ गावात एका गोदामाच्या ऑफिसात मी नोकरी करते. शेअर रिक्षात तिघी बसलो होतो. रस्ता ट्रकांनी तुंबलेला. मांडीला गरम लागलं, वाटलं ऊन असेल. मग सुर्र आवाज आला, पाठोपाठ सुतळी बॉम्बसारखा धडाका, आणि खिशातून जाळ निघाला. मी हाताने विझवायला गेले तर तळवाही भाजला. रिक्षावाल्याने मला खाली ओढलं आणि स्वतःचा पाण्याचा कॅन माझ्या पायावर रिकामा केला.

"हाथ मत लगाओ दीदी, कपडा मत खींचो!" तो ओरडत होता.

त्यानेच मला दवाखान्यात पोचवलं, माझ्या फोनवरून ह्यांना खिशात काहीतरी फुटल्याचं कळवलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "कशाने भाजलं?"

"काडेपेटी होती खिशात. देवळात दिवा लावायला."

"काडेपेटीने एवढं?" नर्स म्हणाली. मी डोळे मिटून घेतले. या सिगरेटवर बंदी आहे हे मला ठाऊक होतं. शिक्षकाच्या खिशात ती सापडली असं शाळेत कळलं तर काय होईल, एवढंच डोक्यात होतं.

धापा टाकत हे आले. नर्स कागदावर 'काडेपेटी' लिहून घेत होती. ते माझ्या मांडीकडे बघत राहिले.

"काडेपेटी नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "बॅटरीची सिगरेट होती. माझी. तिची नाही."

डॉक्टरबाईंनी कागदाची एक पट्टी जखमेला लावली. ती निळी झाली.

"बॅटरीतलं रसायन आहे अजून आत. ताई, हे आधी सांगायचं असतं. ते कातडी खात राहतं."

मग त्यांनी जखम पुन्हा धुतली. किती वेळ, ते आठवत नाही. ह्यांचा हात मी इतका घट्ट धरला होता की माझी नखं त्यांना रुतली.

खिशातल्या किल्ल्यांनी तिचं बटण दाबलं जाऊन ती तापली असावी, असं त्या नंतर म्हणाल्या. पुढे दुसऱ्या मांडीची कातडी काढून इथे लावावी लागली. घरी आल्यावर ड्रेसिंग हेच करायचे. पहिल्या दिवशी पट्टी सोडताना त्यांनी विचारलं,

"खोटं का बोललीस?"

"तुमची नोकरी गेली असती."

"तुझा पाय जळत होता गं," ते म्हणाले.

त्या दिवसांत पडल्या पडल्या मी खूप विचार केला. सकाळी मी चिडले होते ते ह्यांनी लपवलं म्हणून. आणि तासाभरात मीच लपवायला लागले, तेही वेदनेने जीव जात असताना. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप जमलं. भाजल्यापेक्षा या गोष्टीचा मला जास्त धक्का बसला.

सासूबाईंना त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. त्या दोन दिवस मुलाशी बोलल्या नाहीत. हे आता व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे जातात. मध्ये दोनदा सिगरेट ओढली. दोन्ही वेळा घरी येऊन सांगितलं. पहिल्यांदा मी भांडले. दुसऱ्यांदा नुसती शेजारी बसले.

मांडीवरची नवी कातडी गुळगुळीत, चकचकीत आहे. उन्हाळ्यात खाजते. मधोमध एका जागी बोट ठेवलं तर काहीच कळत नाही. डॉक्टरबाई म्हणतात, तिथली जाणीव कदाचित परत येईल, कदाचित नाही.