इसाकचा मस्तान

इसाक गेला त्या दिवशी आमचा संघ जिंकला. हे एवढं एक वाक्य कागदावर यायला मला बरेच दिवस लागले. त्या सकाळी मी लातुरात क्लासच्या ऑफिसात बसून पालकांना बॅचच्या वेळा सांगत होतो. इसाकच्या नंबरवरून फोन आला म्हणून सवयीनं म्हणालो, "काय रे, आज सकाळीच?" पलीकडून त्याची मुलगी सना बोलली. "चाचा, अब्बा गेले. दुकानात बसल्या बसल्या..." मिळेल ती एसटी धरून नांदेड गाठलं. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर दफन झालं. मीही मूठभर माती दिली आणि परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो. गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच खिशातला फोन वाजला. शुक्रवार होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ऑनलाइन हॉकी लीगचे निकाल येतात. गोदाकाठ संघ विजयी. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू, गोलकीपर मस्तान. एकही गोल खाल्ला नाही. मस्तान म्हणजे इसाकनं तयार केलेला खेळाडू. त्याला गोलमध्ये उभं करणारा माणूस मातीआड झाला होता आणि संगणकाला त्याची खबरही नव्हती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं हो, बरं नाही का?" मी म्हटलं, "नाही, जिंकलो आम्ही." त्या बिचाऱ्या जरा सरकूनच बसल्या.

ही लीग म्हणजे काय, हे मी माझ्या बायकोलाही कधी धड समजावू शकलो नाही. इथं मैदान नसतं, स्टिक नसते, बोटांनी खेळायचा खेळही नसतो. प्रत्येक सभासदानं एक खेळाडू तयार करायचा, त्याला नाव द्यायचं आणि दर आठवड्याला त्याचा सराव भरायचा. म्हणजे या आठवड्यात त्याचा वेग वाढवायचा की अंगातला दम, हे ठरवून टाकायचं. कप्तानानं अकरा जणांचा संघ लावायचा. सामना संगणक आपला आपण खेळून मोकळा होतो आणि आपण नुसता निकाल वाचायचा. बायको म्हणाली होती, "म्हणजे तुम्ही खेळत नाही, बघतही नाही, नुसतं कोण हरलं ते वाचता? ते तर पेपरातही येतं की!" तिचं काही चुकलं नव्हतं. पण टाळेबंदीत घरात बसून जीव आंबला होता, तेव्हा मला ही लीग सापडली आणि मी पहिला फोन इसाकला केला. म्हटलं, गोलकीपर पाहिजे.

कारण इसाक खराखुरा गोलकीपर होता. नांदेडला कॉलेजात आम्ही एका संघात होतो. मी फुलबॅक, तो माझ्या मागं. काळ्या मातीचं मैदान, उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात चिखल. गोलकीपरचे पॅड कॉलेजनं कधीकाळी घेतलेले, त्यांतला कापूस बाहेर आलेला. इसाक ते घरी नेऊन दाभणानं शिवून आणायचा. त्याच्या घरी मोटार वाइंडिंगचं दुकान, त्यामुळं बारीक हातकामाची सवय. आणि तोंडाला विसावा म्हणून नाही. मागून सारखा ओरडायचा, "दत्ता, डावीकडं! दत्ता, सोडू नको!" कधी कधी मला चेंडूपेक्षा त्याचाच राग यायचा. पण पाठीमागं तो आवाज आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असंही वाटायचं. कॉलेज संपलं, मी लातूरला आलो, तो दुकानात बसला. मग वर्षाकाठी एखादी ईद, एखादं लग्न, तेवढंच. भांडण नव्हतं, काही नव्हतं. फोन करायला काही कारणच नसायचं.

लीगनं ते कारण दिलं. इसाकनं गोलकीपर केला आणि त्याचं नाव ठेवलं मस्तान. हे त्यांच्या घरच्या जुन्या बोकडाचं नाव. तो बोकड दारात आडवा उभा राहिला की पाहुण्यांना आत येणं मुश्कील व्हायचं. "गोलमधी असाच पायजे, शिंगं लावून उभा राहणारा," इसाक म्हणाला. पण सराव भरताना त्यानं सगळा जोर एकाच गोष्टीवर दिला : गोल सोडून पुढं धावत येणं. तो स्वतः तसाच खेळायचा ना! मैदानावर ते चालायचं, कारण त्याला डोळे होते. संगणकातला मस्तान मात्र चेंडू दिसला की सुटायचा आणि मागं गोल उघडा. आम्ही सगळ्यांत खालच्या गटात होतो आणि त्यातही तळाला जाऊन बसलो. आमचा पुढच्या फळीतला नरसिंग, धर्माबादचा मिरचीचा व्यापारी, संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहायचा, "दत्ता अण्णा, त्या बोकडाला कोणी तरी दावं लावा." इसाक चिडायचा नाही. निकाल लागला की अर्ध्या तासात त्याचा मला फोन यायचा आणि खाल्लेल्या प्रत्येक गोलाची तो कैफियत द्यायचा. "पहिला गोल झाला तवा ऊन डोळ्यावर होतं बघ. दुसऱ्याला तर आपल्याच पोरानं आडवं येऊन झाकलं मला."

"इसाक, संगणकात ऊन कुठून आलं रे?"

"तू फुलबॅक. तुला काय कळतंय, पाठ करून उभा राहतो तू."

निकालाच्या चार कोरड्या ओळींतून तो अख्खा सामना उभा करायचा. पास कुणी दिला, कोण घसरलं, पंचानं कुठं डोळेझाक केली. मी हसत ऐकायचो. मग बोलणं हळूहळू दुसरीकडं वळायचं. सनाचं शिक्षण, माझ्या आईचं आजारपण, त्याची साखर, माझ्या क्लासची कटकट. पण सुरुवात कायम गोलपासूनच. पुढं त्यानं हट्ट सोडला आणि मस्तानला जागेवर थांबायचा सराव द्यायला लागला. "गुडघे गेले दत्ता माझे. आता मलाच पुढं धावता येत न्हाई, तर त्याला कशाला पळवू?" असं म्हणाला होता. तिथून आमची गाडी रुळावर आली. एकेक गट वर चढत गेलो. किनवटच्या आश्रमशाळेतले एक मास्तर आमच्यात आले, रेणापूरचे दोघं चुलत भाऊ आले. मस्तान पेनल्टी कॉर्नर असे अडवायला लागला की दुसऱ्या संघांचे कप्तान मला मेसेज करून विचारायचे, हा गोलकीपर सोडता का? मी इसाकला सांगायचो आणि तो खुशीत म्हणायचा, "बोल त्यान्ला, बोकड इकायचा न्हाई."

आता जे सांगायचं आहे ते असं की गेल्या दीडएक वर्षात मी या सगळ्याला विटलो होतो. कप्तानपण म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या. याला पुढं का खेळवलं, त्याला मागं का ठेवलं, सराव कोण भरायचा विसरला, नियमांवरून कोण कुणाला काय बोललं... दिवसभर क्लासमध्ये पालकांची समजूत काढायची आणि घरी येऊन खेळाडूंची. कितीदा वाटलं, राजीनामा टाकावा आणि मोकळं व्हावं. पण इसाकचा विचार यायचा. गुडघ्यांमुळं त्याचं बाहेर फिरणं बंद झालं होतं, दुकानात तो नुसता बसायचा, काम भाचाच बघायचा. त्याला आता दुसरं आहे काय, मस्तानशिवाय? मी सोडलं तर संघ मोडेल आणि इसाकचा शुक्रवार जाईल. म्हणून ओढत राहिलो. त्याचा आवाजही अलीकडं ओढल्यासारखा यायचा. गोलांच्या कैफियती आखूड झाल्या होत्या. मी म्हणायचो, साखर असेल.

तो गेल्यानंतर मस्तान काही आठवडे गोलमध्ये उभाच होता. सराव मिळत नव्हता, त्यामुळं दर आठवड्याला थोडा थोडा ढासळत होता. आणि नेमका आमचा शेवटचा सामना आला, सगळ्यांत वरच्या गटात जायचं की नाही हे ठरवणारा. नरसिंगचा फोन आला. आवाज एकदम खाली होता. "अण्णा, वाईट वाटून घेऊ नका. म्या पण त्या बोकडाला लई बोललो, आता जीव तुटतोय. पण त्याला किती दिवस असं उभं ठेवायचं? नवा गोलकीपर तयार हाय." मी म्हटलं, बघतो. मला मस्तानला काढायचं नव्हतं. दर शुक्रवारी संघाच्या यादीत पहिलं नाव त्याचं यायचं आणि तेवढ्यापुरता इसाक मला कुठं तरी असल्यासारखा वाटायचा. लीग चालवणाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, घरच्या कुणी खातं पुढं चालवलं तर खेळाडू तसाच राहील. म्हणजे सनानं हो म्हटलं की झालं. फोनवर मागण्यासारखी ही गोष्ट नव्हती. मी नांदेडला गेलो.

इसाकच्या बैठकीत मी आणि सना बसलो. भाभी, म्हणजे इसाकची बायको, नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीत होत्या, त्यामुळं त्या आतल्या खोलीत, पडद्यापलीकडं. सनानं चहा आणला. मी तिला लीग समजावली, संघ कुठून कुठं आला ते सांगितलं, शेवटचा सामना सांगितला. म्हटलं, "बेटा, तुला काही करायचं नाही. आठवड्यातून एकदा सराव भरायचा. तेही मी सांगेन तसं. अब्बांचा खेळाडू राहील." सना कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग पडद्यामागून भाभी बोलल्या.

"दत्ताभाई, एक बोलू का? राग नका मानू."

"बोला ना भाभी."

"त्यान्ला लई दिवसापासनं नक्को झालं होतं ते. मोबाइलकडं बघितलं की डोळ्यातून पानी यायचं त्यांच्या, नजर कमी झाली होती ना. सना वाचून दाखवायची, मग ते सांगायचे, आन तीच भरायची. म्या म्हनलं, सोडा की आता, कशाला जीव आटवून राहिले? तर म्हनले, न्हाई. दत्ताला आता दुसरं काय हाय? दिसभर त्या क्लासात डोकं पिकवतो, आई पण गेली त्याची. म्या सोडलं तर एकटा पडंल तो."

मी हातातला कप खाली ठेवला. सना माझ्याकडं बघत नव्हती. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती आणि तो माणूस किक मारत होता, मारत होता.

"आता त्यान्ला बसू द्या दत्ताभाई," भाभी म्हणाल्या. "लई उभं राहिले."

मी हो म्हटलं. तिथंच, इसाकच्या बैठकीत बसून, फोन काढला आणि कप्तानाच्या हक्कानं मस्तानला निवृत्त केलं. संगणकानं विचारलं, नक्की का? मी हो दाबलं. सनानं रडत रडत विचारलं, "चाचा, झालं?" म्हटलं, झालं. भाभींनी जेवून जायला सांगितलं आणि मी जेवलो. भूक नव्हती, पण त्या घरातून उठवत नव्हतं.

शेवटचा सामना आम्ही जिंकलो. नवा गोलकीपर चांगला आहे, जागा सोडत नाही. आम्ही सगळ्यांत वरच्या गटात गेलो. ग्रुपवर सगळ्यांनी फुलं टाकली, नरसिंगनं धर्माबादला पेढे वाटल्याचा फोटो टाकला, आणि मी कप्तानपद किनवटच्या मास्तरांकडं दिलं. कुणी फारसं का म्हणून विचारलं नाही. मी थकलोय हे सगळ्यांना दिसत असणार.

आधी मला इसाकचा राग आला. लेका, एकदा तरी म्हणायचंस, दत्ता, पुरे आता. मी त्याच क्षणी हो म्हटलं असतं. दोन थकलेले म्हातारे एकमेकांची काळजी करत एक बोकड सांभाळत बसले, आणि दोघांनाही तो नको होता! बायकोला हे सांगितलं तर ती आधी हसली आणि मग डोळे पुसायला आत गेली. पण राग ओसरल्यावर मी जरा खरं खरं विचारलं स्वतःला. समजा, सोडलं असतं. मग पुढच्या शुक्रवारी मी त्याला काय म्हणून फोन लावला असता? कसा आहेस, म्हणून? आमच्या पिढीतल्या पुरुषांना ते येत नाही. बायका करतात, चुलीवर काय आहे एवढं विचारायलाही करतात. आम्हाला निमित्त लागतं. आजारपण लागतं, लग्न लागतं, नाही तर संगणकातलं ऊन लागतं. मला त्याची आठवण येत होती आणि त्याला माझी, एवढं सांगायला आम्ही दोघांनी मिळून अकरा माणसांचा संघ पाच गट वर चढवला.

परवा मी ऑफिसात होतो, पालकांची गर्दी होती. इसाकच्या नंबरवरून फोन आला. भाभींना काही झालं का? बाहेर येऊन घाईघाईनं उचलला. सना होती.

"काय झालं बेटा? सगळं ठीक आहे ना?"

"हाव चाचा, ठीक हाय सगळं."

"मग? काही काम होतं का?"

"न्हाई. काम काईच न्हाई," ती म्हणाली. "असंच लावला."