घशाखालची चव

तिसऱ्यांदा! सहा महिन्यांत तिसऱ्यांदा न्यानबाई इस्पितळातल्या त्याच खाटेवर. पाय सुजून मुसळासारखे, आडवं पडलं की जीव घुसमटायचा. डॉक्टरीणबाईंनी वजन बघितलं आणि तोफ वळवली सुनेवर, थामवर.

"हृदय थकलंय यांचं. मीठ म्हणजे विष, किती वेळा सांगू? घालतेस ना जेवणात?"

"नाही हो! एकाच भांड्यात दोघींचं अळणी शिजवते. मीपण तेच गिळते."

"मग मीठ काय आभाळातून पडतं? दुसरं कुणी माणूस बघा यांच्याजवळ."

न्यानबाई भिंतीकडे तोंड करून पडलेली. काम काय करता, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. फान थिएत बंदराजवळच्या तिच्या गावात मांदेली मिठात मुरवून खारा रस काढतात. कुठल्या पिंपातला रस तयार झाला, हे चाळीस वर्षं तिचीच जीभ ठरवत होती. रोज पंधरा पिंपं, पंधरा चमचे. थुंकून चालत नाही. रसाचा गोडवा कळतो तो घशाखाली उतरल्यावर. इस्पितळातून घरी आली की दोन दिवसांत क्वोई मालकाचा निरोप हजर, "मावशी, तुमच्यावाचून अडलंय." की थामची पाठ वळताच ही गुपचूप पिंपांपाशी. जिवावर बेततंय हे तिला कळत होतं हो! पण जीभ सोडली तर न्यान म्हणून उरतं काय? कोपऱ्यातली एक म्हातारी.

थाम सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसायला लागली, तेव्हा मात्र म्हातारीला राहवेना.

"तिला बोलू नका. चोर मी आहे," ती म्हणाली आणि सगळं ओकली.

"आजपासून ते काम बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थाम एवढंच बोलली, "आई, सहा महिने अळणी गिळलं हो मी."

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मालक स्वतः दारात, हातात वाटी. "एकच घोट, मावशी. माल अडलाय."

न्यानबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं वाटी थामकडे सरकवली. "हिला द्या."

थामनं चाखलं, डोळे मिटले. "शेवटी जरा कडवट लागतंय. अजून महिनाभर राहू द्या." सहा महिन्यांच्या अळणी जेवणानं तिची जीभ धारदार झाली होती.

"वा! उद्यापासून ये गं," मालक खूश होऊन गेला.

न्यानबाईची छाती अभिमानानं भरून आली. तिच्या सासूनंही तिला अशीच वाटी दिली होती. आणि तिची नजर आपल्या सुजलेल्या पायांवर गेली.

"थाम, थुंकलीस ना गं?"

"छे! थुंकून कसं कळेल, आई?"